मी पुसलेली प्रश्नचिन्हं

३ मार्च, मंगळवार

माझं आयुष्य एका मंगळवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बदललं. आज त्याला बरोबर सव्वीस मंगळवार झाले, म्हणून ही वही. वही ताईच्या शिवणाच्या दुकानातली आहे, मापं लिहायची. पहिल्या तीन पानांवर कुणाच्या तरी बाह्या आहेत.

घडलं ते असं. कॉलेजचा तिसरा मजला, प्रयोगशाळा, मी दारात. आत शंकाच्या हातात माझ्या प्रोजेक्टची फाईल, चौथं पान उघडलेलं, आणि शेजारी सर खो-खो हसतायत. शंका म्हणजे आमच्या वर्गातली चष्मेवाली. दर तासाला ‘सर, एक शंका’ म्हणत हात वर करायची, म्हणून ते नाव पडलं. चौथ्या पानावरच्या बारा ओळी मी निव्वळ अंदाजानं ठोकल्या होत्या, आणि ही गोष्ट जगात एकाच व्यक्तीला सांगितली होती. कुणाला, ते लिहायला नकोच.

मी आत गेलो, फाईल हिसकावली, खिडकीतून खाली भिरकावली, “हसा पोटभर” म्हणालो आणि कॉलेज सोडलं. जाताना दार असं आपटलं की वरची पाटी खाली आली.

“अरे, पण तिला विचारलंस का?” असं ताई अजून म्हणते. विचारायचं काय त्यात? डोळ्यांनी दिसलं ना.

असो. मला ती आता मुळीच आठवत नाही. सकाळी दात घासताना, बसमध्ये आणि दुपारच्या चहाला सोडून.

४ मार्च, बुधवार

नोकरीबद्दल. आम्ही लिफ्टचा मेंदू बनवतो. तळमजल्यावर मोटारी, पत्रे आणि ग्रीसचा वास. वर दोन खोल्यांत आम्ही. आणि इमारतीच्या पोटातून चाचणीची एक लिफ्ट दिवसभर वाळूची चार पोती घेऊन वरखाली करत असते. पोत्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. कुरकुर न करणारे एवढे एकच पाहुणे मी पाहिलेत.

कंपनी मॅडमची. एके काळी त्या स्वतः पाना घेऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या, त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलून चालत नाही. दुसरे काका. कुणाचेच काका नाहीत, पण सगळे काका म्हणतात. लिफ्टचं दार उघडणारा-मिटणारा प्रोग्रॅम त्यांचा. बावीस वर्षं माणूस फक्त दार लिहितोय. त्यांचं दार चार सेकंदांत मिटतं, पावणेचार नाही, सव्वाचार नाही. आणि मध्ये कुणाचं बोट जरी आलं तरी निमूट परत उघडतं. “दार आपटणाऱ्याला माणसं कळत नाहीत,” असं एकदा माझ्याकडे बघून म्हणाले होते. मी ऑफिसचंही दार आपटतो, हे खरं.

मी कर्नलवर. म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांच्या बुडाशी बसून कुणी कधी काय करायचं ते ठरवणारा जो मुख्य प्रोग्रॅम, त्यावर. ताई गिऱ्हाइकांना सांगते, “माझा भाऊ कर्नलच्या हाताखाली आहे.” परवा एका आजोबांनी मला रस्त्यात सलाम ठोकला. मीही ठोकला. काय करणार?

६ मार्च, शुक्रवार

सोमवारपासून लिफ्टचा मेंदू मध्येच मरतोय. दोन-तीन तास बरा चालतो, मग एकाएकी ठप्प. पाहुणे दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेले. वीस तारखेला एका इस्पितळाचा इंजिनिअर चाचणी बघायला येणार आहे. मॅडमनी काम मला दिलं: “मेला ते दिसतंय. मेला तेव्हा कुणाच्या दारात होता, ते मला पाहिजे.”

यासाठी स्टॅक, म्हणजे चिठ्ठ्यांची चळत, उलटा उलगडावा लागतो. सोपं आहे. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एकच काम करणारा तुकडा, दुसऱ्याला कामाला लावतं, तेव्हा ‘काम झालं की इथे परत यायचं’ अशी पत्त्याची चिठ्ठी चळतीवर ठेवतं. दुसरं तिसऱ्याला लावतं, त्याची चिठ्ठी वर. मेंदू मेला की चळत वरून खाली वाचत जायची. याला कुणी बोलावलं? त्यानं. त्याला? अमक्यानं. असा माग लागतो. सोबत दर चिठ्ठीजवळ खालच्या चिठ्ठीचा दुवा असतो, तो धरून उतरायचं.

घोळ एवढाच की मध्ये कधी कधी दुवा तुटतो. मग माझा प्रोग्रॅम चळत चाचपत जातो आणि पत्त्यासारखं दिसणारं जे पहिलं सापडेल ते उचलतो. अशा ओळीपुढे प्रश्नचिन्ह छापायची रीत आहे. म्हणजे, असेल, नसेलही.

मी छापून पाहिलं. तिसऱ्या ओळीपासून नुसती प्रश्नचिन्हं. कागद शंकाच्या वहीसारखा दिसायला लागला. डोकंच फिरलं. एका ओळीत ती छपाईच बंद करून टाकली. आता माग कसा, नवरदेवासारखा रुबाबदार! मॅडम म्हणाल्या, “वा. हे वाचता येतंय.”

आकडे नीट आहेत, पत्ते खरे आहेत. नुसतं भित्रेपणाचं चिन्ह तेवढं काढलंय.

९ मार्च, सोमवार

सापडला! तीनदा ठप्प झालं, तिन्ही वेळा तोच माग. करायच्या कामांच्या यादीतून नाव काढणारं फंक्शन मेलं, आणि त्याच्या खाली कोण? दार. काकांचं दार!

मी कागद घेऊन थेट काकांच्या टेबलाजवळ गेलो. तिथे मॅडम होत्या, तळमजल्यावरचा वायरमन होता, हे खरं तर बघायला हवं होतं. म्हणालो, “बावीस वर्षांत एवढं तरी जमायला हवं होतं, काका.”

काकांनी चष्मा पुसला, कागद वाचला, परत वाचला.

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

“तुला खात्री आहे?”

“छापलंय ना समोर.”

“छापलं तूच आहेस, राजे,” ते म्हणाले. बस्स, तेवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं. मला भांडण जमतं, हे असलं जमत नाही.

मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत दार दुरुस्त झालं नाही तर तो भाग बाहेरच्या कंपनीचा विकत घेऊ. वीस तारीख चुकवता येणार नाही.

घरी ताईला पराक्रम सांगितला. तिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, “ती चष्मेवाली मुलगी आज पुन्हा आली होती. बॅगेची चेन चौथ्यांदा बिघडली तिची. नऊ वर्षं दुकान चालवतेय, अशी चेन पाहिली नाही. कुणी मुद्दाम दात वाकवल्यासारखी.”

मला काय त्याचं. लोकांना वस्तू वापरता येत नाहीत.

१० मार्च, मंगळवार

सत्तावीस.

१३ मार्च, शुक्रवार

काकांनी दाराच्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. आज मॅडमना म्हणाले, “मला काही सापडत नाही. म्हणजे एकतर चूक नाही, किंवा मला आता दिसत नाही. छप्पन्नाव्या वर्षी दुसरंच जास्त शक्य.” मॅडमनी कॅलेंडरवरच्या वीस तारखेवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, बाहेरचं दार मागवते, सोमवारी येईल. काका मान हलवून जागेवर गेले आणि खण आवरायला लागले. त्यांच्या खणात एक लाकडी पट्टी, तीन पेनं आणि मुलीच्या लहानपणचा फोटो. बावीस वर्षांचं एवढंच निघालं.

मी जिंकलोय. मग तोंडाला चव का नाही?

शंकाचा मेसेज आला. पहिले दोन मी न वाचताच पुसले होते, तिला कळावं म्हणून. हा चुकून वाचला. ‘फाईल जपून ठेवली आहे. पान चार बघ एकदा.’ जखमेवर मीठ! तेच पान, ज्यावर दोघं हसली. उत्तर दिलं नाही. सोळा वेळा दिलं नाही.

१४ मार्च, शनिवार

ताई एका कोटाचं अस्तर उसवत होती. मी चिडचिडत समोर बसलो होतो. म्हणाली, “नुसता बसू नकोस, ही कड उसव. शेवटच्या टाक्यापासून मागे ये.”

बारा टाके छान सुटले. मग दोरा तुटला. शेजारी त्याच रंगाचा दोरा दिसला, तो ओढला. खिसा सुटून हातात आला.

“अरे गाढवा! तो खिशाचा दोरा होता!”

“रंग तोच होता.”

“अख्ख्या कोटाला एकच रंग असतो! दोरा तुटला की हात थांबवायचा, खडूची खूण करायची आणि विचारायचं. कुठलाही दोरा धरून काय ओढतोस, नाक्यावरच्या हवालदारासारखा?”

“खूण केली की काम अर्धवट दिसतं.”

“खिसा उपटला की पूर्ण दिसतं का?” असं म्हणून तिनं खिसा माझ्या अंगावर फेकला. मग म्हणाली, “चष्मेवाली विचारत होती, तुमचे भाऊ वेळेवर जेवतात का.”

गिऱ्हाइकांना नसत्या चौकशा! ताईनं कपाळावर हात मारला. का, कोण जाणे.

१६ मार्च, सोमवार

बाहेरचं दार आलं नाही, बुधवारी येणार. काका सुटीवर. माझ्या कीबोर्डवर त्यांची चिठ्ठी: ‘राजे, दार घरी नेतोय. तेवढंच सोबतीला. मेंदू चालू ठेवा.’

म्हणजे काय? लिफ्टजवळ जाऊन पाहिलं तर दाराची पाटीच, म्हणजे दार चालवणारा सर्किट बोर्ड, जागेवर नाही. वायरी काढून, टोकांना नीट चिकटपट्टी लावून, पाटी पिशवीत घालून म्हातारा गेला! पाहुणे उघड्या दारानं वरखाली करतायत.

माझा संताप संताप झाला. काय पोरखेळ आहे! चाचणीला चार दिवस राहिलेत!

(नंतर) दोन वाजून दहा मिनिटांनी मेंदू पुन्हा मेला. माग काढला.

यादीतून नाव काढणारं फंक्शन. त्याखाली दार.

दार घरी आहे. काकांच्या पिशवीत. दार इथे नाहीच.

कागद हातात घेऊन मी पुन्हा लिफ्टजवळ गेलो आणि चिकटपट्टी लावलेली टोकं मोजली. वायरमन म्हणाला, “काय रे, भूत पाहिलंस का?” तेच पाहत होतो.

१७ मार्च, मंगळवार

(अठ्ठावीस. पण आज त्याची लाज वाटतेय.)

सकाळी सातलाच आलो. प्रश्नचिन्हांची ओळ परत चालू केली. तीच चळत पुन्हा वाचली. दारापुढे एक बारीकसं प्रश्नचिन्ह. पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, मी तोंड दाबून ठेवलं होतं त्याचं.

आता नीट लिहितो, कारण हे मला स्वतःलाच समजावायचंय. मेंदू सुरू होताना दाराचा प्रोग्रॅम एकदा विचारतो, ‘पाटी आहे का?’ नाही म्हटलं की परत जातो. काम संपलं. पण संपलेल्या कामाची चिठ्ठी कुणी जाळत नाही. चळतीतल्या रिकाम्या फटीत ती पडून राहते, पुढच्यानं त्यावर काही ठेवलं नाही तर तशीच. माझ्या चाचपणाऱ्या हाताला तीच लागली. दार केव्हाच येऊन, विचारून, निघून गेलं होतं. मी त्याला प्रेताशेजारी उभं केलं.

मग खरा कोण? दुवा जिथे तुटला तिथे गेलो. कुणी बटण दाबलं की हातातलं काम टाकून कर्नल तिकडे धावतो. त्या वळणावरच्या अकरा ओळी. तिथे मागचा दुवा बांधून ठेवायला हवा होता. बांधलेला नाही. खाली लेखकाची सही असते. सही माझी.

टाका घातला. दुपारी पुन्हा मेलं, आणि या वेळी माग सरळ खाली उतरला, एकही प्रश्नचिन्ह नाही: यादीतून नाव काढणारं फंक्शन, त्याखाली ‘दार फार वेळ उघडं राहिलं तर घंटा वाजव’ हे घड्याळ. घंटा रद्द करताना एकच नाव यादीतून दोनदा काढलं जातंय. एकदा काढलेल्याला पुन्हा काढायला गेलं की हात पोकळीत.

घड्याळ कुणी लिहिलं, ते लिहायला हवं का? जानेवारीत, मीच. नोकरीचा पहिला महिना. अंदाजानं.

सगळी फिर्याद उलगडत शेवटी फिर्यादीच्याच घरी आली.

१८ मार्च, बुधवार

मॅडमच्या खोलीत गेलो आणि ओरडलो, “चूक माझी आहे! दार निर्दोष आहे! मला काढून टाका!”

मॅडमनी फोनवर हात ठेवला. “आपली चूक सांगताना तरी हळू बोलावं. लाइनवर दारवाली कंपनी आहे.” मग फोनमध्ये, “नाही, नको आम्हाला. आमचं दार सापडलं.” फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. “काढून टाकायचं नंतर बघू. आधी घड्याळ नीट कर. आणि तो प्रश्नचिन्हांचा प्रकार मला का नाही सांगितलास?”

“वाईट दिसत होतं.”

“आता कसं दिसतंय?”

मी जाऊन घड्याळ उघडलं.

संध्याकाळी काकांच्या घरी. दार त्यांनी उघडलं, हातात चहाचा कप. चार वेळा वाक्य जुळवलं होतं, चारही विसरलो. म्हणालो, “काका, तुम्हाला आधीच कळलं होतं का?”

“नाही रे. मलाही वाटत होतं माझंच असेल. म्हणून तर काढून पाहिलं. स्वतःलाच आधी काढून बघावं, सोपं पडतं.” मग हसले. “पण खरं सांगू? तू त्या दिवशी बोललास ते लागलं. ते माफ करायला मला आठवडा लागेल. पाटी मात्र आज ने.”

पाटी आतून आणली, मऊ फडक्यात गुंडाळलेली. मी निघालो. दार ओढून घेताना त्यांनी आतून हात घातला. “आपटू नकोस.”

२० मार्च, शुक्रवार

इस्पितळाचा इंजिनिअर आला. पाहुण्यांनी बावन्न फेऱ्या मारल्या. एकदाही लटकले नाहीत. मग तो म्हणाला, आता मुद्दाम पाडून दाखवा. काका स्वतःच्या खुर्चीत बसून बघत होते (आठवडा अजून संपलेला नाही, पण आले). मी मेंदू पाडला, माग निघाला. आठ ओळी, एकीपुढे प्रश्नचिन्ह.

“हे काय?”

“इथे मला माहीत नाही, असं आहे ते,” मी म्हणालो. “बाकीच्या सात ओळी माहीत आहेत.”

तो म्हणाला, “वीस वर्षं लिफ्टवाल्यांशी बोलतोय. ‘माहीत नाही’ पहिल्यांदा ऐकलं.” आणि बाकीच्या सात ओळींवर त्यानं एक प्रश्न विचारला नाही.

मागून काका पुटपुटले, “सहा दिवस करू.”

२१ मार्च, शनिवार

सुटी. वर खोलीत पडलो होतो. ताई आली आणि पोटावर एक फाईल टाकली. कोपरा चेपलेला, सायकलच्या साखळीच्या तेलाचा डाग. माझीच.

“महिनाभर माझ्या कपाटात आहे. ती म्हणाली होती, तो विचारेल तेव्हाच द्या. तू काही या जन्मी विचारणार नाहीस, आणि माझ्याकडचे चेनचे दात संपत आलेत.”

तेव्हा कुठे मला कळलं. चष्मेवाली. चेन. वेळेवर जेवतात का. मी लिफ्टचा मेंदू बनवतो म्हणे!

चौथं पान उघडलं. माझ्या त्या बारा ओळींच्या शेजारी पेन्सिलनं शंकाचं अक्षर: ‘सर, हे मला समजत नाही. बरोबर कसं येतं?’ माझं नाव नाही, अंदाजाचा उल्लेख नाही, स्वतःचीच शंका म्हणून विचारलेली. आणि खाली सरांची लाल शाई, त्या मंगळवारची तारीख घालून: ‘सुरेख! तुला हे कसं सुचलं?’

सर हसत होते ते म्हणून. म्हणजे, बहुधा म्हणून. खात्रीनं आता मी काहीच लिहिणार नाही. सहा महिने ते लाल प्रश्नचिन्ह माझी वाट बघत तिच्या टेबलावर आणि ताईच्या कपाटात पडून होतं, आणि त्याचं उत्तर मला अजूनही येत नाही.

बसून तिला पत्र लिहायला घेतलं. ‘मला कळलंय की तू माझ्यावर’ इथपर्यंत आलो आणि हात थांबला. दोरा तुटलेला होता. मला काय कळलंय? ती चार वेळा आली, चेन मोडून आली, एवढंच कळलंय. का आली ते तिला ठाऊक. भूतदया असेल. मला शिव्या घालायला आली असेल. त्या ओळीपुढे खूण केली आणि कागद फाडला.

खालून ताईची हाक आली आत्ताच. “अरे, चेन आली आहे! पाचव्यांदा! मी काही दुरुस्त करत नाही आता, तूच ये!”

आरशात पाहिलं. केस विंचरले, विस्कटले, पुन्हा विंचरले. काय बोलणार आहे ठाऊक नाही. एक प्रश्न आहे, अठ्ठावीस मंगळवार आधी विचारायचा होता तो. आणि मग तिचं उत्तर होईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही, ते काहीही असलं तरी.

वही मिटतो. खाली जातो. जाताना खोलीचं दार लावून घेईन, काकांच्या हिशेबानं: सावकाश चार सेकंद, आणि मध्ये कुणी आलंच तर परत उघडायचं.